कपाटांची कुलुपे काढा!

महाराष्ट्रात शासनाच्या अनुदानावर चालणारी 11 ते 12 हजार सार्वजनिक ग्रंथालये आहेत. वाचक मात्र बहुधा त्यांतल्या एकाच ग्रंथालयाचा सभासद असतो, आणि त्या एका ग्रंथालयात जे पुस्तक नाही ते त्याच्यापुरते जगातच नाही! शेजारच्या तालुक्यात त्याची प्रत धूळ खात पडलेली असेल, जिल्ह्याच्या ठिकाणी तिला वर्षानुवर्षे कुणाचा हात लागला नसेल. या वाचकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. ती प्रत तेथे आहे हे त्याला कळत नाही. कळले तरी मागावी कशी हे कुणी सांगत नाही, आणि मागितली तरी ती आणणार कोण याचे उत्तर कुणाकडे नाही. देवघेवीच्या टेबलावरून एकच वाक्य येते : 'आमच्याकडे नाही.' या दोन शब्दांपाशी महाराष्ट्राने आपली सगळी ग्रंथालय व्यवस्था थांबवून ठेवली आहे. हा वाचकावरचा उघड अन्याय आहे, आणि तो आता एक वर्षही पुढे चालू देता कामा नये!

ही पुस्तके आली कुणाच्या पैशातून? अनुदान राज्याच्या तिजोरीतून येते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून देशभरच्या ग्रंथालयांना ग्रंथांसाठी मदत करते, तोही पैसा जनतेचाच. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या बाजारात काडेपेटी विकत घेणारा माणूससुद्धा या तिजोरीत भर घालतो. मग पुण्याच्या शासकीय विभागीय ग्रंथालयातले पुस्तक एटापल्लीच्या वाचकाचे का नाही? कर घेताना सारा महाराष्ट्र एक, आणि पुस्तक देताना ज्याचे-त्याचे गाव वेगळे, हा कुठला न्याय? राज्यातल्या कुठल्याही गावचा सातबारा आज घरबसल्या पाहता येतो. गुंठाभर जमिनीचा मालक सापडतो. पण जनतेच्याच मालकीचे पुस्तक कुठल्या गावातल्या कुठल्या कपाटात आहे, हे शोधायला गेले की सगळीकडे अंधार. जेथे सरकारच्या मनात आले तेथे सरकारने करून दाखवले. येथे मनातच आलेले नाही!

एका ग्रंथालयाने दुसऱ्या ग्रंथालयाकडून आपल्या वाचकासाठी पुस्तक मागवायचे, वाचून झाले की परत धाडायचे, या व्यवहाराला ग्रंथपाल आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत त्यावर प्रश्न विचारतात, विद्यार्थी उत्तरे लिहितात, गुण मिळवतात आणि नोकरीला लागल्यावर उभ्या हयातीत असा एकही व्यवहार न करता निवृत्त होतात. जेथे देवघेव चालते तेथेही ती बहुतेक ओळखीपाळखीवर चालते. एका ग्रंथपालाने दुसऱ्याला फोन करायचा, पत्र लिहायचे, आणि गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पुस्तक द्यायचे. या ग्रंथपालांना आमचा दंडवत आहे. त्यांच्या भलेपणावर आजवर निभावले. पण ज्याची ग्रंथपालाशी ओळख नाही, त्या वाचकाने काय करायचे? जे ओळखीवर मिळते त्याला उपकार म्हणतात, आणि आम्ही हक्क मागतो आहोत.

ही कल्पना परकी आहे, आपल्याला झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी बडोद्याचा इतिहास उघडून पाहावा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञाला बडोद्यात आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, आणि ग्रंथांनी भरलेल्या लाकडी पेट्या संस्थानातल्या गावोगावी फिरवायला सुरुवात केली. गावात पेटी यायची, लोक वाचायचे, पेटी परत जायची, दुसरी यायची. तेव्हा संगणक नव्हता, दूरध्वनी गावात पोचला नव्हता, पावसाळ्यात निम्म्या वाटा चिखलात बुडायच्या. तरीही पुस्तक गावाच्या वेशीपाशी पोचत होते, कारण राजाने ते पोचलेच पाहिजे असे ठरवले होते! कोल्हापूर संस्थानाने 1945 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. स्वातंत्र्याच्या आधी, दोन संस्थानिकांच्या राज्यांत जे सुचले आणि झाले, ते लोकांनी निवडून दिलेल्या सरकारांना इतक्या दशकांत का होऊ नये?

इंग्लंडात 1916 साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, अल्बर्ट मॅन्सब्रिज या सुताराच्या मुलाने कामगारांच्या अभ्यासवर्गांना पुस्तके धाडण्यासाठी एक मध्यवर्ती ग्रंथालय काढले. दिवसभर राबून रात्री अर्थशास्त्र आणि इतिहास शिकणाऱ्या माणसाला पुस्तक परवडत नाही, आणि त्याच्या गावच्या ग्रंथालयात ते नसते, एवढे एकच दुःख त्याला दिसले होते. पुढे हीच संस्था त्या देशाचे राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालय झाली आणि ग्रंथालयांमधल्या देवघेवीचा कणा बनली. डेन्मार्क हा जेमतेम 60 लाख वस्तीचा देश, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा. तेथे 2000 सालापासून देशातल्या ग्रंथालयांची एकत्र सूची एकाच संकेतस्थळावर आहे. वाचक घरून पुस्तक मागवतो, ते कुठल्या गावात आहे याची त्याला फिकीर नसते. ते त्याच्या जवळच्या ग्रंथालयात येऊन पडते आणि तो जाऊन घेतो. तेथल्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना या देवघेवीत सामील होणे बंधनकारक केले आहे. बंधनकारक! हा शब्द आमच्या ग्रंथालय धोरणात कधी येणार?

आपल्या देशातही हे कुणाला मिळतच नाही असे नाही, आणि संताप येतो तो नेमका येथे. दिल्लीत 1988 साली डेलनेट हे ग्रंथालयांचे जाळे सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1991 साली इन्फ्लिबनेट उभे केले. विद्यापीठांचे, महाविद्यालयांचे, संशोधन संस्थांचे ग्रंथ आज एकत्रित सूचीत सापडतात आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात मागवता येतात. ही सोय प्राध्यापकांना मिळाली याचा आम्हांला आनंदच आहे. पण तीन दशकांहून अधिक काळ जे पदवीधारकाला मिळते, ते गावच्या वाचनालयात येणाऱ्या निवृत्त शिक्षकाला, अंगणवाडी सेविकेला, गॅरेजमध्ये काम करून कविता लिहिणाऱ्या पोराला मिळत नाही. महाविद्यालयाचे ओळखपत्र गळ्यात नसले की ज्ञानाचे दार बंद! ज्या भूमीत शूद्रातिशूद्रांना विद्या नाकारण्याच्या विरोधात एवढे रण माजले, त्या भूमीत ही नवी पायरी कुणी बांधली आणि ती कुणाला कशी खुपत नाही?

आता कामाचे बोलू. पहिली गरज एकत्र सूचीची. जे कुठे आहे तेच माहीत नाही, ते मागणार कसे?

आपल्या राज्यात या कामाचा एक थोर पूर्वज होऊन गेला. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 आणि मग 1938 ते 1950 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली. 'दाते सूची' हे नाव आजही संशोधकाच्या तोंडी असते. मराठीत काय काय छापले गेले याचा दीडशे वर्षांचा हिशेब एका ध्येयवेड्या माणसाने लावला! त्याच्या हाताशी होते कागद, पेन्सिल आणि जन्मभराची चिकाटी. आज 11 हजार ग्रंथालये, ग्रंथालय संचालनालय, जिल्ह्याजिल्ह्यातली ग्रंथालय अधिकाऱ्यांची कार्यालये आणि संगणक एवढे सगळे हाताशी असूनही कुठल्याही वाचकाला आपल्या मोबाइलवर पाहता येईल अशी राज्यभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांची एकत्र, अद्ययावत सूची नाही.

'संगणकीकरण झाले आहे' असे उत्तर तयार असेल. झाले असेल, पण कसे झाले ते पाहा. अनेक ग्रंथालयांनी पूर्वी जुन्या फाँटमध्ये नोंदी केल्या. तो फाँट दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी गिचमिड दिसते, आणि शोधयंत्राला तर त्यातले अक्षरही कळत नाही. त्या नोंदी युनिकोडमध्ये आणणे हे पहिले काम. दुसरे काम नावांचे. मराठी साहित्य टोपणनावांनी भरलेले आहे. कुसुमाग्रजांच्या कविता एका नावाने आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटके दुसऱ्या नावाने. ग्रेस आणि माणिक गोडघाटे एकच. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही तीन नावे, आणि बाई एक! एका ग्रंथालयाने एका नावाखाली नोंदले, दुसऱ्याने दुसऱ्या, तर वाचकाच्या हाती अर्धेच पुस्तकभांडार येते. कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरे आधी, कुठे 'कै.' आणि 'प्रा.' सुद्धा नावाचाच भाग. तिसरे काम लेखनाचे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी जुने अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पुस्तकांच्या शीर्षकांवर ते आहेत. वाचक 'नाही' असे टंकतो आणि पुस्तक 'नाहीं' म्हणून नोंदलेले असते. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ऱ्हस्व-दीर्घाचेही तेच. ज्याने हे नीट बांधले नाही त्याने सूची केली असे म्हणूच नये.

हे काम अवघड आहे, अशक्य मुळीच नाही. त्यासाठी परदेशी कंपनीला कोट्यवधींचे कंत्राट देण्याचीही गरज नाही. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रामीण ग्रंथालय संस्थेने स्वतःच्या गरजेपोटी 'कोहा' नावाची प्रणाली करवून घेतली, 2000 साली वापरात आणली आणि जगाला मोफत देऊन टाकली. आपल्याकडची कित्येक ग्रंथालये तीच वापरतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणालीही उपलब्ध आहे. साधन आहे. हवी आहेत माणसे : मराठी ग्रंथ ओळखणारी, नावांची एकच प्रमाण यादी करणारी, एक नोंद एकदाच नीट करून ती 11 हजार ठिकाणी वापरायला देणारी. आज प्रत्येक ग्रंथालयाचा कर्मचारी तेच पुस्तक आपापल्या परीने पुन्हा पुन्हा नोंदतो. हा श्रमांचा अपव्यय आधी थांबवा! ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या कामावर मानधन देऊन बसवा. मराठीचे निवृत्त प्राध्यापक आनंदाने येतील, त्यांना बोलवा.

सूची झाली की प्रश्न येतो वाहतुकीचा, आणि येथे केंद्र सरकारलाही जाब विचारला पाहिजे. पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत टपालसेवा डिसेंबर 2024 मध्ये एकाएकी बंद केली गेली. पुस्तक हा टपालखात्याने पिढ्यान्‌पिढ्या सवलतीने वाहिलेला माल, त्याच्यावरच घाव! ओरड झाल्यावर 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' आली. तिचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये. शहरातल्या माणसाला हे पैसे किरकोळ वाटतील. खेड्यातल्या ग्रंथालयाचा हिशेब वेगळा आहे. सर्वांत खालच्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30 हजार होते, 2022 च्या वाढीनंतर ते 48 हजार झाले. म्हणजे दिवसाला 131 रुपये! त्यातच ग्रंथपालाचे मानधन, जागा, वीज, वर्तमानपत्रे आणि नवी पुस्तके. तीन पातळ पुस्तकांची टपालाने जाण्या-येण्याची हमाली 120 रुपये होते. त्या ग्रंथालयाने एका दिवसाचे जवळजवळ सारे अनुदान तीन पुस्तकांच्या प्रवासावर घालायचे काय?

घालायचे कारण नाही, कारण महाराष्ट्राकडे एसटी आहे. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी निघाली, आणि पुढे ही गाडी जेथे दुसरे काही पोचत नाही तेथे पोचली. राज्यात तिची सुमारे अडीचशे आगारे आहेत. वर्तमानपत्रांचे गठ्ठे वर्षानुवर्षे याच गाड्यांच्या टपावरून आणि चालकाच्या शेजारून तालुक्याला, तालुक्याहून गावाला गेले. सकाळच्या गाडीने पेपर येतो तर पुस्तक का येऊ नये? राज्यात 358 तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या एका ग्रंथालयाला 'देवघेव केंद्र' ठरवा. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, एक मोहोरबंद कापडी थैली, ठरलेली गाडी. जिल्हा ग्रंथालयात थैल्या उलगडतील, पुस्तके वाटली जातील, पुन्हा भरल्या जातील. आठवड्याला 358 थैल्या! ज्या महामंडळाच्या हजारो गाड्या रोज धावतात, त्याला हे ओझे नाही. परिवहन खाते आणि उच्च व तंत्रशिक्षण खाते यांनी एका टेबलाशी बसून एक करार करावा, वर्षाचे भाडे शासनाने महामंडळाला एकरकमी द्यावे, आणि वाचकाकडून एक पैसाही घेऊ नये. जेथे तालुक्याला जाणेही अवघड, तेथे गावातल्या शाळेपर्यंत, ग्रामपंचायतीपर्यंत पुस्तक न्यावे. मेळघाटातल्या, सातपुड्यातल्या वाचकाला 'तुम्ही तालुक्याला या' असे सांगणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवा असे सांगणे आहे.

आणि आता त्या अडसराकडे येतो, ज्याबद्दल कुणी उघडपणे बोलत नाही. तो अडसर म्हणजे भीती. पुस्तक हरवले तर? दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक आहे, त्या क्रमांकाचा जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी गहाळ पुस्तकाची किंमत त्याच्याच तुटपुंज्या मानधनातून वळती होते. अशा माणसाकडून उदारपणाची अपेक्षा करणे हा क्रूरपणा आहे. तो पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावणार, किल्ली कनवटीला बांधणार आणि रात्री सुखाने झोपणार. त्याला दोष देऊ नका. ज्या नियमाने त्याला रक्षक बनवले त्या नियमाला दोष द्या! केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत 215 वा नियम आहे. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या-हाताळलेल्या दर 1,000 ग्रंथांमागे 5 ग्रंथ गहाळ झाले, आणि त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल, तर ते नुकसान वाजवी मानावे असे तो सांगतो. 1,000 रुपयांहून महाग आणि दुर्मीळ ग्रंथांची चौकशी मात्र व्हावी, अशीही अट घालतो. पुस्तक वापरले की झिजते, काही हरवतात, हे दिल्लीच्या हिशेबनिसांनीही मान्य केले आहे. मग तोच नियम राज्यातल्या प्रत्येक अनुदानित ग्रंथालयाला, खेड्यातल्या 'ड' वर्गापर्यंत, स्वच्छ शब्दांत लागू झाल्याचे परिपत्रक काढा आणि ते दारावर डकवा. देवघेवीत गेलेल्या पुस्तकांसाठी जिल्हावार नुकसानभरपाईचा एक छोटा निधी ठेवा. पुस्तक हरवले, निधीतून पैसे मिळाले, विषय संपला. ग्रंथपालाच्या पगाराला हात लागता कामा नये.

या भीतीला आणखी एक गोष्ट खतपाणी घालते. ग्रंथालयाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके अशा मोजमापांवर, आणि वर्गावर अनुदान. त्यामुळे कार्यकारिणीला चिंता असते ती ग्रंथसंख्येची. कसर लागलेली, पाने गळालेली, कुणी कधी न मागितलेली पुस्तकेही संख्येसाठी सांभाळली जातात, आणि चांगले पुस्तक बाहेरगावी पाठवायला हात धजत नाही. किती जमवले याला मोल, आणि दुसऱ्या ग्रंथालयाच्या वाचकाला किती दिले याला नाही! हे उलटे करा. तपासणीला आलेल्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा : या वर्षी तुम्ही बाहेर किती पुस्तके धाडलीत आणि आपल्या वाचकांसाठी किती मागवलीत? त्या आकड्यावर जादा अनुदान द्या. एका वर्षात कपाटे आपोआप उघडतील.

मोठ्या आणि जुन्या ग्रंथालयांच्या विश्वस्तांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. या संस्थांनी महाराष्ट्राचे मन घडवले. त्यांच्यासारख्यांच्या कपाटांत अशी पुस्तके आहेत जी दुसरीकडे कुठे मिळत नाहीत, कारण मराठी पुस्तकाची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची निघते, संपते, आणि बहुतेकदा पुन्हा निघत नाही. म्हणूनच ती पुस्तके जपा, पण जपणे म्हणजे लपवणे नव्हे. जीर्ण झालेला ग्रंथ थैलीत घालून पाठवा असे आम्ही म्हणत नाही. त्याची प्रतिमा पाठवा! लेखकाच्या निधनाला 60 वर्षे उलटून पुढचे कॅलेंडर वर्ष लागले की त्याचे पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त होते. ज्यांचे हक्क अजून शाबूत आहेत, त्यांच्याबाबत 1957 च्या कायद्याचे 52 वे कलम ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आधार देते : स्वतःजवळ असलेल्या ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, आणि भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढता येतात. कायद्याने दिलेली ही मुभा किती ग्रंथालये वापरतात?

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 साली महापुराचे पाणी शिरले, 2021 साली पुन्हा शिरले. दीडशे वर्षांच्या वाचनालयाची पुस्तके चिखलात गेली. त्यांतल्या कुठल्या पुस्तकाची दुसरी प्रत महाराष्ट्रात कुठे आहे? कुठले पुस्तक त्या दिवशी या जगातून कायमचे नाहीसे झाले? एकत्र सूची असती तर हे एका संध्याकाळी कळले असते, आणि बाकीच्या ग्रंथालयांनी मिळून त्या वाचनालयाची रिकामी कपाटे भरली असती. पुढचा पूर कुठल्या नदीला येणार हे कुणालाच माहीत नाही. आज सूची नाही म्हणजे उद्या काय गेले हेही कळणार नाही.

'आता वाचतो कोण?' असे विचारणाऱ्यांना आम्ही फार वेळ देणार नाही. मागितलेले मिळत नाही म्हणून लोक मागणे सोडतात, आणि मग मागणीच नाही म्हणून देणे बंद होते. हे दुष्टचक्र वाचकाने फिरवलेले नाही. 'सगळे मोबाइलवर मिळते' हाही अर्धवट समज. विसाव्या शतकातली बहुसंख्य मराठी पुस्तके, दलित आत्मकथनांच्या पहिल्या आवृत्त्या, ग्रामीण लेखकांचे कथासंग्रह, जिल्ह्याजिल्ह्यांचे स्थानिक इतिहास, शेतीची जुनी पुस्तके, बंद पडलेल्या मासिकांचे अंक मोबाइलवर नाहीत. ते कपाटांत आहेत.

पैसा कुठून आणायचा? मद्रास प्रांताने 1948 साली, कर्नाटकाने 1965 साली ग्रंथालयांचे कायदे केले आणि त्यांत ग्रंथालयांसाठी वेगळ्या कराची, उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात ती नाही. म्हणून आपली ग्रंथालये दरवर्षी अर्थखात्याच्या दारात हात पसरून उभी राहतात. नवा कर नको असेल तर नको. पण अर्थसंकल्पात आंतरग्रंथालयीन देवघेवीच्या नावाने स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा, म्हणजे हा पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही. कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक अनुदानित ग्रंथालयाला देवघेवीत सामील होणे सक्तीचे करा. आणि 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम कशासाठी आहे? शासनाच्या राज्य, विभागीय आणि जिल्हा ग्रंथालयांतली ही सेवा त्या कायद्याखाली अधिसूचित करा. मागणीला तीन दिवसांत उत्तर, पंधरा दिवसांत पुस्तक, न मिळाल्यास अपील. दाखला वेळेत मिळण्याचा हक्क नागरिकाला आहे, तसा पुस्तक वेळेत मिळण्याचाही असला पाहिजे.

या जाळ्याचे दार राज्याच्या सीमेवर बंद होता कामा नये. बेळगाव, पणजी, बडोदा, इंदूर, हैदराबाद येथे मराठी वाचक आहेत, मराठीची जुनी ग्रंथालये आहेत, आणि त्यांच्याकडेही असे काही आहे जे मुंबई-पुण्यात नाही. दोन्ही बाजूंनी पुस्तके येऊ-जाऊ द्या. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सत्कार झाले, मिरवणुका निघाल्या, फलक लागले. ज्या भाषेचा ग्रंथ तिच्याच वाचकाला मागून मिळत नाही, त्या भाषेसाठी पुढचे पाऊल कुठले टाकायचे हे कुणी वेगळे सांगायला हवे काय?

शासनाचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. 'अशी मागणीच नाही.' तेव्हा वाचकांनो, मागणी करा, आणि लेखी करा! या आठवड्यात आपल्या ग्रंथालयात जा. जे पुस्तक तेथे नाही आणि तुम्हांला वाचायचे आहे, त्याचे नाव, लेखकाचे नाव, तुमचा सभासद क्रमांक आणि तारीख कागदावर लिहा. दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून द्यावे अशी विनंती करा. एक प्रत ग्रंथपालाला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रंथपालावर आवाज चढवू नका, तो तुमच्याच बाजूचा आहे. पंधरा दिवस थांबा. पुस्तक आले नाही तर पोचीची नक्कल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याला पाठवा, दुसरी नक्कल तुमच्या आमदाराला, आणि तिसरी आमच्याकडे. अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होईल त्या दिवशी तालुकावार आलेल्या सगळ्या मागण्या आम्ही याच पानावर छापू, आणि उत्तर न देणाऱ्या प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघाचे नाव त्या मागण्यांपुढे छापू.